प्राण्यांची चित्रपुस्तकं: दुकानात उभ्या उभ्या काय बघायचं

प्रश्न नाशिकच्या गंगापूर रोडला राहणाऱ्या एका बाबांचा आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. घरात शंभरेक प्राण्यांची चित्रं असलेलं एक जाडजूड पुस्तक आहे. त्यातली सगळी नावं मुलाला मराठीत आणि इंग्रजीत पाठ आहेत, पण गोष्ट वाचायला घेतली की दुसऱ्याच पानाला तो उठून जातो. त्यात मध्यंतरी बिबट्या दिसल्याच्या बातम्यांवर घरात बोलणं झालं आणि आता वाघाचं चित्र आलं तरी तो हाताने पान झाकतो. तर प्राण्यांची कोणती पुस्तकं आणावीत, मराठी की इंग्रजी, आणि वाघ-बिबट्याची पुस्तकं तूर्त कपाटात ठेवावीत का, असं त्यांनी विचारलंय.

आधी बालवाडीत आणि नंतर मुलांच्या वाचनालयात, पुस्तकं वाचून दाखवणं हेच माझं काम राहिलंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

मुलाचं काही बिघडलेलं नाही. तुमच्याकडे आहे तो पुस्तकाच्या आकाराचा तक्ता आहे. एका पानावर आठ-आठ प्राणी, खाली नाव, उलटा पान. त्यात कुणी काही करत नाही. कुणाला भूक लागत नाही, कुणी कुणाची वाट बघत नाही. अशा पानासमोर मोठ्या माणसाला एकच खेळ सुचतो, ‘हा कोण? आणि हा कोण?’ मुलाला तो खेळ जमतो, त्यात शाबासकी मिळते, पाहुणे आले की त्याचा प्रयोगही होतो. मग गोष्टीच्या पुस्तकातही तो तेच शोधतो. पहिल्या पानावर ससा ओळखला, दुसऱ्यावर कासव ओळखलं, झालं की काम! आता बसायचं कशाला?

पुस्तक निवडायचा माझा निकष एकच आहे, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं: हे पुस्तक करणाऱ्याने तो प्राणी नीट बघितलाय का? लिहिणाऱ्यानेही आणि चित्र काढणाऱ्यानेही. बघितला असेल तर वाक्यं छोटी आणि नेमकी येतात, चित्रातला प्राणी जमिनीवर पाय रोवून उभा दिसतो, आणि मुलाला बसवून ठेवायला वेगळ्या करामती कराव्या लागत नाहीत. दुसऱ्या पुस्तकातून उचलून केलेलं काम असेल तर ते दोन पानांत कळतं.

दुकानात पुस्तक हातात घेतलं की मधलं कुठलंही पान उघडा आणि मोठ्याने वाचा. मनातल्या मनात नको. दुकानदार बघेल, बघू दे. ‘सिंह आपल्या तीक्ष्ण नखांच्या साहाय्याने भक्ष्यावर झडप घालून त्यास ठार करतो’ हे वाक्य नुसत्या डोळ्यांनी वाचताना खटकत नाही. मांडीवर साडेतीन वर्षांचं पोर घेऊन म्हणायला लागा, म्हणजे साहाय्याने, भक्ष्य, त्यास अशा तीन ठिकाणी तुम्हालाच अडखळायला होईल आणि दुसरे शब्द शोधावे लागतील. आता हे बघा. वाचनाच्या तासाला मी वहीत काही ना काही लिहून नेते, त्यातलं एक:

बगळा उभा.
पाणी शांत.
बगळा उभा.
पान वाहत आलं.
बगळा उभा.
बेडूक डुबकन् गेला.
बगळा... उभाच.
मासा आला.
टप्!

यात यमक नाही, उपदेश नाही, एकही कठीण शब्द नाही. पण ‘बगळा उभा’ तिसऱ्यांदा आलं की मुलं तुमच्याबरोबर म्हणायला लागतात. ‘उभाच’ म्हणताना आवाज खाली नेला की सगळी गप्प होतात, कारण आता काहीतरी होणार हे त्यांना कळलेलं असतं. आणि ‘टप्’ला किंचाळतात. हे सुचायला सोमेश्वरला पाण्याजवळ थोडा वेळ बसावं लागतं, एवढंच. बगळ्याची सगळी गंमत त्याच्या न हलण्यात आहे, हे तिथे कळतं. तेव्हा पुस्तकातलं पान वाचताना तुमचा आवाज आपोआप वर-खाली होतोय का, थांबायला जागा मिळतेय का, पान उलटायच्या आधी काहीतरी अर्धवट राहतंय का, एवढं बघा. होत असेल तर घ्या.

यमकाचा मोह मात्र आवरा. ‘हत्ती आला डुलत, फुलं होती फुलत’ हे कानाला बरं लागतं, पण त्यात हत्ती कुठे आहे? हत्तीऐवजी उंट घातला तरी ओळ तशीच चालते. हत्ती सोंडेने काय करतो, चिखल अंगावर का उडवतो, ते ओळीत असेल तर यमक नसलं तरी चालतं.

प्राण्यांच्या आवाजांवरूनही लगेच अंदाज येतो. आपल्याकडे गाय हंबरते, गाढव रेकतं, घोडा खिंकाळतो, पारवा घुमतो, कोंबडा आरवतो, मांजर चिडली की फिसकारते. पुस्तकात सगळेच नुसते ‘ओरडत’ असतील तर वाचणाऱ्याच्या तोंडाला काही कामच उरत नाही. लहान मुलांना निम्मी मजा तर त्याच कामात असते.

आता चित्रं. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर मी गोठ्याचं एक पुस्तक वाचत होते. जाड पानं, झकास रंग, हसरी काळी-पांढरी गाय. पाचेक वर्षांची एक मुलगी उठून पुढे आली, गाईच्या मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवरून बोट फिरवलं, परत मानेशी आली आणि म्हणाली, ‘हिचं वशिंड कुठं गेलं?’ तिच्या घरी डांगी गुरं होती. डांगी म्हणजे इगतपुरी-अकोले भागातल्या धो धो पावसात टिकणारी आपल्या डोंगराकडची जात. पांढऱ्या अंगावर काळे डाग, खांद्यावर वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी. पुस्तकातली गाय कुठल्यातरी थंड देशातल्या कुरणातली होती, पाठ टेबलासारखी सपाट. सिन्नर-निफाडच्या गोठ्यांत तसल्या परदेशी जातीच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई भरपूर आहेत, त्यामुळे तसं चित्र चूक म्हणता येणार नाही. पण घरातल्या सगळ्या पुस्तकांत तीच एक गाय असेल, तर पंचवटीत रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली गाय तुमच्या मुलाला पुस्तकात कधी भेटणारच नाही. खारीचंही तेच. पुस्तकातली खार तांबडी, झुपकेदार शेपटीची, कानांवर केसांचे गोंडे असलेली. आपल्या आंब्याच्या झाडावरची करडी, पाठीवर पट्टे असलेली. मूल बोट दाखवून ‘ही आपली’ म्हणेल असं निदान एक पुस्तक घरात हवंच.

चित्र बघून घेतलंय की उचललंय हे तपासायच्या काही युक्त्या मी दुकानात वापरते. मुंगीचे पाय मोजायचे. सहा हवेत, कोळ्याचे आठ. पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच बर्फावर गप्पा मारत असतील तर पुस्तक खाली ठेवायचं. ते अस्वल उत्तर ध्रुवाकडचं आणि बर्फातले पेंग्विन दक्षिणेकडचे, त्यांची गाठ पडत नाही. मधमाश्यांचं घर गवताच्या उलट्या टोपलीसारखं काढलेलं असतं. आपली मुलं बघतात ते आग्या मोहोळ, पाण्याच्या टाकीखाली नाहीतर उंच इमारतीच्या सज्जाला लटकलेलं एकच मोठं काळपट पोळं. सुगरणीचा खोपा विणताना हटकून आई दाखवतात. खरं तर विणतो नर आणि मादी येऊन बघते, पसंत पडला तर राहते. मुलांना हे सांगितलं की घरातल्या बाबांकडे बघून जे प्रश्न येतात, ते ऐकण्यासारखे असतात. ‘कुहू’ करणारा कोकीळही नरच, काळा कुळकुळीत आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर ठिपके. चित्रात काळा पक्षी अंड्याशेजारी बसवलेला असला की समजायचं, चित्रकार कोकिळांकडे फिरकलेला नाही.

एका चुकीसाठी चांगलं पुस्तक टाकू नका, असंही लगेच सांगते. भाषा सुंदर असेल तर चुकीचं पान मुलाबरोबरच दुरुस्त करता येतं. मुंगीला दोन पाय पेन्सिलीने काढून द्यायला मुलं फार उत्सुक असतात.

मग कपडे घालणारे, बोलणारे प्राणी नकोतच का? यावर पालक दोन टोकांना जातात. पॅट्रिशिया गानेआ आणि सहकाऱ्यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी अनोळखी प्राण्यांची पुस्तकं वाचून दाखवली. काही पुस्तकांत प्राणी जसा असतो तसा सांगितलेला होता, काहींत तो माणसासारखा बोलत होता, माणसासारखे बेत करत होता. माणसासारखी भाषा ऐकलेली मुलं खऱ्या प्राण्यालाही माणसाचे गुण जास्त चिकटवू लागली. आणि अशा पुस्तकांतून त्यातल्या लहान मुलांच्या हाती प्राण्याबद्दलची खरी माहिती कमी लागली. म्हणजे, अस्वल हिवाळ्यात काय करतं हे मुलाला कळावं असं तुम्हाला वाटत असेल, तर त्या अस्वलाला स्वेटर घालून चहा प्यायला बसवलेलं पुस्तक उपयोगाचं नाही.

दुसरा अभ्यास २०१७ मधला, त्यातही गानेआ होत्या. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून देण्याची गोष्ट वाचून दाखवली आणि नंतर त्यांच्याकडचे स्टिकर दुसऱ्या मुलांना किती देतात ते पाहिलं. गोष्टीत माणसं होती तेव्हा मुलांनी आधीपेक्षा जास्त दिले. गोष्टीत माणसांसारखे वागणारे प्राणी होते तेव्हा ते वाढलं नाही. ‘दात घासणारा हत्ती’ आणि ‘खेळणी वाटून घेणारा ससा’ या धर्तीची जी ढीगभर पुस्तकं निघतात, त्यांच्याबद्दल माझा पहिल्यापासूनचा आकस इथे थोडा सुखावतो. दात घासायला शिकवायचंय ना, मग पुस्तकात मूल असू द्या आणि हत्तीला सुट्टी द्या.

याचा अर्थ चिऊ-काऊ घरातून हाकलून द्यावेत असा मुळीच नाही. आजी सांगते ती चिऊ-काऊची गोष्ट ही गोष्टच असते, तिच्या आवाजात, तिच्या तालात, आणि मुलाला ते कळतं. अशा गोष्टी रोज होऊ द्या, फक्त त्यांच्या जोडीला खऱ्या चिमणीचं, खऱ्या कावळ्याचं पुस्तकही असू द्या. पंचतंत्र मात्र साडेतीनला लवकर होतं असं माझं मत आहे. त्यातले प्राणी हे मुखवटे घातलेले धूर्त दरबारी आहेत. फसवणूक, सूड, विश्वासघात, यातली मजा पाच-सहाच्या पुढे यायला लागते. त्याआधी पोराच्या डोक्यात राहतं ते एवढंच, की कोल्हा वाईट आणि गाढव मूर्ख.

तसं एकदा पक्कं झालं की ते पुसायला वेळ लागतो. घुबड अपशकुनी आणि गिधाड दुष्ट, हे तर आपण पुस्तकाबाहेरही शिकवतो. घुबड शेतातले उंदीर खातं. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात, मेलेली जनावरं संपवून परिसर स्वच्छ ठेवतात. त्यांना खलनायक करणारं पुस्तक नाशिकच्या मुलाच्या हातात देताना मला तरी संकोच वाटतो.

आता बिबट्या. इथे थोडं सावकाश जाऊ.

तुमच्या मुलाची भीती पुस्तकातून आलेली नाही, त्यामुळे पुस्तक लपवून ती जाणार नाही. निफाड, दिंडोरी, सिन्नर भागात बिबट्या उसात राहतो, उसातच पिल्लं घालतो, आणि नाशिक शहराच्या वस्तीतही शिरलेला आहे. ‘इथे नाही रे येत बिबट्या’ असं तुम्ही म्हणालात आणि रात्री टीव्हीवर तोच दिसला, की तुमच्या पुढच्या दहा गोष्टींवरचा विश्वास गेला. पुस्तकं बंद करू नका, पण पारखून द्या. दोन प्रकारची टाळा. एक, लाल डोळे, सुळ्यांवरून टपकणारं रक्त, अंधारातून उडी. दुसरा प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो: मुलगा बिबट्याच्या गळ्यात हात टाकून झोपलाय, बिबट्या हसतोय, दोघे दोस्त. जिथे बिबट्या नाही अशा गावात हे चालून जाईल. आपल्या जिल्ह्यात नको.

बिबट्या स्वतःचं काम करताना दिसेल असं पुस्तक शोधा. रात्री निघणारा, माणसाची चाहूल लागली की दबकून बसणारा, शिकार झाडावर ओढून नेणारा, पिल्लाला तोंडात धरून जागा बदलणारी आई. तसं पुस्तक मिळालं नाही तर गोष्ट तुम्हीच सांगा, इथलीच आहे. ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. वनविभागाची माणसं येतात, पिल्लं तपासतात, सापडली तिथेच संध्याकाळी एखाद्या टोपलीत किंवा खोक्यात ठेवतात आणि लांब जातात. रात्री आई येते आणि एकेक पिल्लू उचलून नेते. आपल्याकडे हे अनेकदा घडलंय. मुलांना ही गोष्ट सांगताना टोपलीपाशी मी मुद्दाम थांबते. बिबट्याचं नाव काढलं की आईच्या मांडीत शिरणारी मुलंही तेव्हा विचारतात, ‘आली का तिची आई?’

पान झाकणाऱ्या हाताबद्दल. झाकू द्या. ‘हात काढ, चित्र आहे ते, काही करत नाही’ असं म्हणू नका. ‘बिबट्या तुझ्या हाताखाली आहे, आपण पुढचं वाचू’ म्हणा आणि पुढे चला. पान कधी उलटायचं ते त्याच्यावर सोडा. आमच्याकडे एक मुलगा अशा पानावर आधी दोन्ही तळवे दाबून ठेवायचा. काही दिवसांनी तो बोटं फाकवून फटीतून बघायला लागला. मग एकच बोट उरलं, ते बिबट्याच्या डोळ्यावर. नंतर एक दिवस तेही काढलं आणि अंगावरचे ठिपके मोजायला बसला. मधे कुणी घाई केली नाही म्हणून हे झालं. अशी पुस्तकं दुपारी वाचा, झोपताना नकोत. आणि अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जायचं नाही, मोठ्यांचा हात धरायचा, हा नियम पुस्तक मिटल्यावर, रस्ता ओलांडायचा नियम सांगतो त्या साध्या आवाजात सांगा. ‘जेवला नाहीस तर बिबट्या येईल’ हे घरातल्या प्रत्येकाने, आजोबांसकट, बंद करायचं. पेठ-सुरगाण्याकडे बिबट्या-वाघांच्या शेजारी पिढ्या काढलेली माणसं वाघबारसेला वाघोबाची पूजा करतात, त्याने आपल्या वाटेला जाऊ नये म्हणून. त्यांच्या लेखी तो दोस्तही नाही आणि राक्षसही नाही, मान राखावा असा शेजारी आहे. मुलापर्यंत पोचवायचं ते एवढंच.

जाता जाता, बिबट्याच्या नावाखाली चित्ता छापलेला नाही ना, तेवढं बघा. हे फार होतं. चित्त्याचे ठिपके भरीव आणि सुटे, बिबट्याचे मधून पोकळ, फुलाच्या पाकळ्या गोल मांडल्यासारखे. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते, बिबट्याला नसते. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. आता आहेत ते २०२२ पासून आफ्रिकेतून मध्य प्रदेशातल्या कुनोत आणून सोडलेले आणि त्यांची इथे जन्मलेली पिल्लं. नाशिकच्या उसात चित्ता नाही.

धाकटीसाठी वेगळा हिशेब. दीड वर्षाला एका पानावर एक प्राणी, मागे मोकळी जागा, शक्यतो खरा फोटो किंवा अगदी खऱ्यासारखं चित्र. झडपा उघडणारी, ओढली की शेपटी हलणारी पुस्तकं दुकानात फार लोभावतात आणि महागही असतात. त्यावरही काम झालंय. २०१० मधल्या एका अभ्यासात अशा हलत्या भागांच्या पुस्तकांतून लहान मुलं प्राण्यांची नावं आणि माहिती साध्या पुस्तकांपेक्षा कमी शिकली. लक्ष सगळं झडपेवर जातं. खेळणं म्हणून घ्या, हरकत नाही. त्यापेक्षा माझं ऐकाल तर मोबाईलवर सोसायटीतलं कुत्रं, गच्चीवरचा कावळा, भाजीवाल्याजवळची बकरी, भिंतीवरची पाल, अंगणातल्या मुंग्या यांचे जवळून फोटो काढा, प्रिंट करून छोट्या प्लास्टिकच्या अल्बममध्ये घाला. चावला तरी पुसता येतो, आणि दीड वर्षाच्या मुलीला आफ्रिकेतल्या झेब्र्यापेक्षा ओळखीची पाल कितीतरी जवळची असते. दोघांना एकत्र वाचायची वेळ आली तर अल्बम दादाच्या हातात द्या, तो तिला वाचून दाखवेल. नावं पाठ आहेतच त्याला, कामाला येतील.

वाचताना काय करायचं हेही विचारलं नसलंत तरी सांगते, कारण चांगलं पुस्तक वाईट वाचलं जातं ते मी रोज बघते. पानापानाला परीक्षा घेऊ नका. एका बैठकीत एखाद-दुसरा मोकळा प्रश्न पुरे, ज्याचं उत्तर एका शब्दात देता येणार नाही असा. ‘हा कोण?’ऐवजी ‘हा पाण्यात कशाला वाकलाय?’ अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना असंच वाचायला शिकवलं होतं: मोकळे प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्यात एखादा शब्द घालून परत म्हणा. महिनाभरात त्या मुलांचं बोलणं नेहमीच्या पद्धतीने वाचलेल्या मुलांच्या पुढे गेलं. मूल म्हणालं ‘बगळा पाणी’, तर तुम्ही म्हणा, ‘हो, बगळा पाण्यात उभाय, मासा शोधतोय.’ एवढंच करायचंय.

मूल तेच पुस्तक परत परत मागत असेल तर कंटाळून नवं आणू नका. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, वेगवेगळ्या गोष्टींपेक्षा तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकलेल्या मुलांनी नवे शब्द जास्त पकडले. गोष्टीत पुढे काय होणार हे माहीत झालं, की डोकं शब्दांकडे वळायला मोकळं होतं. म्हणूनच महिन्याला आठ-दहा पुस्तकं आणण्यापेक्षा चांगली दोन आणा आणि तीच झिजवा.

मराठी की इंग्रजी? घरात भांडता त्या भाषेत वाचा. इंग्रजी पुस्तकातली चित्रं आवडली तर बेलाशक आणा, चित्र त्यातलं आणि बोलणं आपलं. ‘शाळा इंग्रजी माध्यमाची आहे’ ही अडचण मला रोज सांगितली जाते. शाळा दिवसभर इंग्रजी शिकवणारच आहे. रात्री मांडीवर बसून हंबरणं आणि रेकणं ती शिकवणार नाही. आजी बागलाण-मालेगावकडच्या असतील आणि अहिराणी बोलत असतील तर त्यांना चित्रपुस्तक हातात द्या आणि मजकूर विसरायला सांगा.

पुस्तकं मिळवायची कुठून? विकत घेण्याआधी वाचनालयात जाऊन बसा. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, आणि मुलांची पुस्तकं चाळून, घरी नेऊन, मुलाच्या परीक्षेत उतरलेलं तेवढंच विकत घेणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. विकत घ्यायची झाली तर नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली पुस्तकं बघा. कागद साधा असतो, किंमत परवडते, आणि त्यातल्या काहींतली प्राण्यांची चित्रं फार मन लावून काढलेली आहेत. पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन मराठी चित्रपुस्तकांकडे गांभीर्याने बघतं. चेन्नईचं तुलिका मराठीतही पुस्तकं काढतं. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, तिथे मराठीतली चित्रपुस्तकं फुकट वाचता आणि उतरवून घेता येतात. तिथे मात्र सगळं एका तोलाचं नाही, तेव्हा वरची मोठ्याने वाचायची परीक्षा आधी घ्या. आणि लहानग्यांसाठी पडद्यावर नको. आवडेल ते रंगीत छापून आणा, घडी घालून मधे दोन टाके मारा.

हिवाळ्यात एक रविवार नांदूर मधमेश्वरला काढा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणी महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ आहे, २०२० मध्ये तो दर्जा जाहीर झाला. चापडगावच्या बाजूने मनोऱ्यावरून बगळे, चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी), बदकं, नशीब असेल तर रोहित म्हणजे फ्लेमिंगोही दिसतात. जाताना पक्ष्यांचं पुस्तक नेऊ नका. मुलं पुस्तकात तोंड घालून बसतात आणि मोठी माणसं पानं उलटत नावं शोधत राहतात. आधी बघून या. घरी आल्यावर पुस्तक काढा, मग बघा कसं वाचलं जातं ते. चमच्याची चोच चित्रात बरोबर काढलीय की नाही, यावर तो तुमच्याशी वाद घालेल.

शेवटचं, अगदी घरगुती. चांगलं पुस्तक फाटतं. पारदर्शक चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि पानं एकमेकांना चिकटतात. मैद्याची पातळ खळ करा, पातळ पांढऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापून फाटलेल्या जागी मागून लावा, वर जाड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबून ठेवा. पट्टी मुलाला लावू द्या. वाकडी लागली तरी चालेल, चित्रावर येणार नाही एवढं बघा.